क्लायंटांची कागदपत्रे असलेले जुने संगणक शाळेला देण्यापूर्वी माहिती कायमची कशी पुसावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. सांगलीत आमचे करसल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. वडिलांनी सुरू केलेले हे काम आता मी पाहते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरील फायली भिजून गेल्या, आणि त्यानंतर आम्ही जवळजवळ प्रत्येक कागद स्कॅन करून संगणकावर ठेवू लागलो. त्यामुळे क्लायंटांची पॅन व आधार कार्डे, फॉर्म १६, बँकेचे खातेउतारे, टॅलीचा डेटा, खरेदीखतांच्या प्रती असे पुष्कळ काही आमच्या यंत्रांवर साठले आहे.

आता आम्ही नवे संगणक घेतले असून जुने डेस्कटॉप तासगाव तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेला द्यायचे ठरवले आहे. ते ज्या दुकानदाराकडून साफ करून घेतले त्यांनी ‘फॉरमॅट मारून दिले आहे, आता काही उरलेले नाही’ असे खात्रीने सांगितले होते. अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने सहज म्हणून त्यांपैकी एका संगणकावर फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवले, तेव्हा शेकडो फायली परत आल्या. फायलींची नावे गेली होती, त्यांच्या जागी ‘एफ’ हे अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा होता. पण त्यातली एक उघडली तर आमच्या एका जुन्या क्लायंटचे पॅन कार्ड, छायाचित्र आणि सहीसकट, अगदी स्वच्छ वाचता येत होते. ते पाहिल्यापासून मी सगळे संगणक कार्यालयातच थांबवून ठेवले आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. जुन्या हार्ड डिस्क खरोखर कोऱ्या करण्यासाठी नेमके काय करावे? त्यावर ३५ वेळा लिहावे लागते असे वाचले, ते खरे आहे का? एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारा ड्राइव्ह) असलेला एक लॅपटॉप आमच्या सहायकाला घरी वापरायला द्यायचा आहे, त्यालाही हीच पद्धत चालेल का? पेन ड्राइव्हचे काय करावे? आणि पुढे एखादा क्लायंट काम काढून घेऊन गेला, तर चालू संगणकावरून फक्त त्याच्याच फायली कायमच्या नष्ट करता येतात का?

तबकडी

ताई, संगणक थांबवून ठेवलेत हे फार बरे केलेत. हार्ड डिस्कमधून गेलेली माहिती परत मिळवून देण्याचे काम मी करतो, त्यामुळे हा विषय दुसऱ्या बाजूने रोज पाहतो.

दुकानात जे केले गेले ते बहुधा ‘क्विक फॉरमॅट’ होते. त्यात विंडोज फक्त फायलींच्या नोंदींचे कोष्टक नव्याने मांडते. मूळ मजकूर जिथे लिहिलेला असतो तिथे हातही लावत नाही. सातबाऱ्यावरचे नाव खोडले म्हणून शेतातले पीक नाहीसे होत नाही, तसेच हे आहे. रिसायकल बिन रिकामा केल्यानेही एवढेच घडते. फोटोरेकसारखे सॉफ्टवेअर नोंदींकडे पाहतच नाही. ते डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत जाते आणि ओळखीच्या खुणा शोधते: प्रत्येक पीडीएफ फाइल टक्केचिन्ह आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी सुरू होते, जेपीजी चित्राच्या आरंभीचे बाइटही ठरलेले असतात. ती खूण दिसली की तिथून पुढचा मजकूर नवी फाइल म्हणून उतरवून घेतला जातो. म्हणूनच नावे गेली, पण पॅन कार्ड आले.

हा अनुभव नवा नाही. सिम्सन गार्फिंकल आणि अभी शेलत या एमआयटीतील दोन संशोधकांनी १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क बाजारातून विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू अवस्थेतील १२९ डिस्कपैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. इतरांवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक, वैद्यकीय माहिती, खासगी पत्रे असे सगळे सापडले. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी डिस्क फॉरमॅट केलेली होतीच.

आता ३५ वेळांविषयी. हा आकडा ऑकलंड विद्यापीठातील पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून आला. त्या काळच्या डिस्कवर माहिती चुंबकीय स्वरूपात लिहिण्याच्या निरनिराळ्या पद्धती होत्या आणि प्रत्येक पद्धतीवर मात करणारे वेगवेगळे नमुने त्यांनी सुचवले. ३५ ही त्या सगळ्यांची बेरीज होती. कोणत्याही एका डिस्कला ते सर्व नमुने कधीच लागू नव्हते, आणि हे खुद्द गुटमन यांनी त्या निबंधाला नंतर जोडलेल्या टिपणात स्पष्ट लिहिले आहे. आजच्या डिस्कवर माहिती इतकी दाट लिहिलेली असते की संपूर्ण डिस्कवर एकदा नीट लिहिले की खालचे काहीही परत वाचता येत नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेची माध्यमे पुसण्याविषयीची मार्गदर्शिका (क्रमांक ८००-८८) २०१४ च्या सुधारित आवृत्तीतही चुंबकीय डिस्कसाठी एक वेळ पुरेशी मानत होती. हिशेब पाहा: एक टेराबाइटची जुनी डिस्क सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइट लिहीत असेल, तर एका फेरीस पावणेतीन तास लागतात. पस्तीस फेऱ्यांना चार दिवसांहून अधिक लागतील, आणि मिळणारी सुरक्षितता एका फेरीएवढीच असेल.

कृती सांगतो. जिच्यावर विंडोज नाही अशी दुसरी डिस्क असेल तर फॉरमॅटच्या खिडकीतील ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्ये लिहितो. एक्सपीमध्ये तो फक्त खराब जागा तपासत असे, त्यामुळे यंत्र फार जुने असेल तर त्यावर विसंबू नका. ज्या डिस्कवर विंडोज आहे ती चालू स्थितीत पुसता येत नाही. त्यासाठी श्रेडओएस ही डिस्क पुसण्यासाठीची छोटी प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरून सुरू करा. त्यात एनवाइप हा प्रोग्राम आपोआप उघडतो. डिस्क निवडायची, एक फेरी शून्यांची आणि शेवटी पडताळणी, एवढेच ठरवायचे. निवड करताना क्षमता आणि अनुक्रमांक दोन्ही जुळवून पाहा, आणि बॅकअपची डिस्क त्या वेळी यंत्राला जोडलेली राहू देऊ नका.

पुसून झाल्यावर एचएक्सडीसारख्या हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे डिस्कवरचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, डिस्क उघडा आणि सुरुवातीला, मध्ये, शेवटाकडे कुठेही उडी मारून पाहा. ओळीमागून ओळी ‘००’ दिसल्या पाहिजेत. भाच्याला फोटोरेक पुन्हा चालवायला सांगा. एकही फाइल मिळता कामा नये. ही तपासणी वगळू नये, कारण प्रोग्रामने ‘पूर्ण’ असे दाखवणे आणि डिस्क कोरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. डिस्कला जी जागा खराब वाटते ती जागा डिस्क स्वतःच बाजूला काढून राखीव जागा वापरू लागते, आणि अशा बाजूला काढलेल्या तुकड्यांवर बाहेरून लिहिता येत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्ट अहवालात ‘रीॲलोकेटेड सेक्टर’ची, म्हणजे अशा तुकड्यांची, संख्या शून्य असेल तर चिंता नाही. ती वाढलेली असेल तर अशी डिस्क शाळेला देऊच नका, कारण ती तशीही लवकर बंद पडेल.

अर्धवाहक

तबकडी यांनी लिहिलेले सर्व हार्ड डिस्कपुरते बरोबर आहे. ते एसएसडीला लावू नये, आणि याच ठिकाणी बहुतेक सल्ले चुकतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फ्लॅश मेमरीच्या पेशी ठरावीक वेळाच लिहून पुसता येतात, मग त्या निकामी होतात. ही झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून एसएसडीतील नियंत्रक प्रत्येक नवे लेखन नव्या जागी करतो आणि कोणता क्रमांक प्रत्यक्षात कुठे आहे याचा तक्ता स्वतःजवळ ठेवतो. तुम्ही एखाद्या फाइलवर शून्ये लिहिलीत तर ती शून्ये दुसऱ्याच कोऱ्या पेशींत जातात आणि जुना मजकूर नियंत्रकाला सवड मिळेपर्यंत मूळ जागी राहतो. शिवाय प्रत्येक एसएसडीत विंडोजला न दिसणारी काही राखीव जागा असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये चिपा प्रत्यक्ष काढून वाचल्या, तेव्हा एकेक फाइल पुसण्याच्या ज्या पद्धती त्यांनी तपासल्या त्या सगळ्या अपयशी ठरल्या. पुसलेल्या फायलींचा ४ ते ७५ टक्के भाग चिपांवर सापडला. ॲपलने २०१५ च्या एल कॅपिटनमधून ‘सिक्युअर एम्प्टी ट्रॅश’ ही सोय काढून टाकली, त्याचे कारणही हेच होते. जी खात्री देता येत नाही ती दिल्यासारखे दाखवणे योग्य नव्हते.

विंडोज ७ पासून ट्रिम नावाची सोय आहे. फाइल डिलीट झाली की ही जागा आता नको असल्याचे विंडोज एसएसडीला कळवते आणि नंतर त्या जागा साफ होतात. त्यामुळे चालू एसएसडीवर फोटोरेकला बहुधा फारसे काही मिळत नाही. परंतु ती साफसफाई कधी होईल हे नियंत्रक ठरवतो, त्यामुळे दुसऱ्यांची कागदपत्रे सांभाळणाऱ्याने त्यावर भिस्त ठेवू नये.

सहायकांना द्यायच्या लॅपटॉपसाठी एसएसडीलाच आज्ञा द्यावी लागते. साटा जोडणीच्या एसएसडीत ‘सिक्युअर इरेझ’ आणि एनव्हीएमई जोडणीच्या एसएसडीत ‘फॉरमॅट’ किंवा ‘सॅनिटाइज’ अशा अंगभूत आज्ञा असतात. यांपैकी सॅनिटाइज असेल तर तीच निवडावी, कारण ती राखीव जागाही साफ करते आणि मध्येच वीज गेली तरी पुन्हा सुरू होऊन पूर्ण होते. अनेक लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) ही सोय असते, नसल्यास एसएसडीच्या उत्पादकाचे मोफत सॉफ्टवेअर पाहा. लिनक्सवरून साटा एसएसडी पुसताना ती ‘फ्रोझन’ आहे, म्हणजे पुसण्याची आज्ञा स्वीकारत नाही, असा संदेश आला तर लॅपटॉप झोपवून पुन्हा जागा करा. बहुतेक यंत्रांवर तेवढ्याने अडथळा दूर होतो.

पण माझे खरे सांगणे वेगळे आहे. माहिती पुसण्याचा विचार यंत्र देण्याच्या दिवशी सुरू करू नये, ते विकत घेण्याच्या दिवशी करावा. नव्या संगणकांवर क्लायंटची पहिली फाइल ठेवण्यापूर्वी बिटलॉकर ही विंडोजमधील डिस्क कूटबद्ध करण्याची सोय चालू करा. मग डिस्कवर जे काही लिहिले जाईल ते कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारेच असेल, आणि ती देऊन टाकताना किल्ली नष्ट झाली की चिपांच्या कानाकोपऱ्यात उरलेले तुकडे कोणालाही वाचता येणार नाहीत. आधी वापरलेल्या डिस्कवर बिटलॉकर लावत असाल तर ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय निवडू नका, ‘संपूर्ण ड्राइव्ह’ निवडा. पहिल्या पर्यायात डिलीट झालेल्या जुन्या फायली रिकाम्या जागेत उघड्याच राहतात. संपूर्ण ड्राइव्ह निवडूनही एसएसडीच्या राखीव जागेतील जुने तुकडे शिल्लक राहू शकतात, म्हणून सुरुवातीपासून लावण्याचा आग्रह धरतो आहे.

पेन ड्राइव्हमध्येही फ्लॅश मेमरीच असते, पण सिक्युअर इरेझची आज्ञा बहुतेकांत नसते. ज्यांवर आधार कार्डांच्या प्रती होत्या ते पेन ड्राइव्ह कोणाला देऊ नका. प्लास्टिकचे आवरण काढून आतली काळी चिप फोडून टाका, कारण वाचवलेल्या पेन ड्राइव्हची किंमत त्या जोखमीपुढे काहीच नाही.

जमाखर्च

मी पुण्यात सीए म्हणून काम करतो. तांत्रिक बाजू वरील दोघांनी उत्तम मांडली आहे. मला दोन गोष्टी जोडायच्या आहेत.

पहिली गोष्ट कायद्याची. पुसण्याआधी ती माहिती ठेवण्याची मुदत संपली आहे का, हे पाहावेच लागते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम दिनांकापासून ७२ महिने जपावी लागतात, आणि अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून अधिक काळ. ही जबाबदारी क्लायंटची असली, तरी पुष्कळदा त्यांच्या पुस्तकांची एकमेव प्रत आपल्याकडेच असते. तेव्हा डिस्क पुसण्यापूर्वी क्लायंटला त्याची प्रत देऊन पोच घ्यावी. दुसऱ्या बाजूने, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ८ मध्ये असे म्हटले आहे की संमती मागे घेतली गेली किंवा ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले, तर अन्य कायद्याने ती जपणे आवश्यक नसल्यास ती पुसून टाकावी. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ‘असू द्या, कधीतरी लागेल’ ही आपल्या व्यवसायातील जुनी सवय यापुढे सोडावी लागेल, आणि ती सुटणे क्लायंटच्या हिताचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट प्रतींची. डिस्क कितीही कसोशीने पुसली, तरी तेच पॅन कार्ड आणखी कुठे आहे, हा प्रश्न उरतो. क्लायंट कागदपत्रे व्हॉट्सॲपवर पाठवतो. ती फोनमध्ये राहतात, तिथून गूगलच्या बॅकअपमध्ये जातात, संगणकावरच्या व्हॉट्सॲपमधून ‘डाउनलोड्स’मध्ये उतरतात आणि मग कोणीतरी ती क्लायंटच्या फोल्डरमध्ये चिकटवतो. ईमेलच्या ‘सेंट’मध्ये एक प्रत असते. गूगल ड्राइव्हवरून काढलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते. विंडोजच्या ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मध्ये आणि टॅलीच्या बॅकअप फोल्डरमध्येही माहिती असते. कार्यालयातील मोठे झेरॉक्स यंत्र तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. अशा अनेक यंत्रांत स्वतःची हार्ड डिस्क असते आणि स्कॅन केलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यावर साठू शकतात. भाड्याचे यंत्र परत करताना ती डिस्क पुसून मिळाल्याचे लेखी घ्यावे.

आमच्याकडे एका साध्या तक्त्याचा फार उपयोग होतो. प्रत्येक क्लायंटपुढे त्याची कागदपत्रे कुठे कुठे आहेत आणि कधीपर्यंत ठेवायची आहेत, एवढेच लिहिलेले असते. नवा माणूस कामाला लागला की आधी तो तक्ता दाखवतो.

कृष्णाकाठ

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. झेरॉक्स यंत्राचा विचार आमच्या मनात कधीच आला नव्हता. आमचेही भाड्याचेच आहे.

दोन शंका उरल्या आहेत. नव्या संगणकांवर बिटलॉकर लावले, तरी एका क्लायंटच्या फायली काढायच्या म्हणजे सगळी डिस्क पुसायची असे तर होणार नाही. एसएसडीवर एकेक फाइल खात्रीने पुसता येत नसेल, तर अशा वेळी काय करावे? आणि जुन्यांपैकी एक हार्ड डिस्क सुरूच होत नाही, नुसता टकटक आवाज येतो. तिचे काय करावे?

अर्धवाहक

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. बिटलॉकर संपूर्ण डिस्कला असू द्या, आणि त्याच्या आत प्रत्येक क्लायंटसाठी व्हेराक्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरने वेगळी कूटबद्ध फाइल करा. ती पासवर्ड देऊन उघडली की वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते. काम झाले की बंद करायची. प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा आणि लांब, यादृच्छिक ठेवा आणि तो फक्त पासवर्ड व्यवस्थापकात, म्हणजे पासवर्ड जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंदवा. क्लायंट गेला आणि मुदत संपली की ती फाइल डिलीट करा आणि पासवर्डची नोंदही कायमची काढून टाका. मग फाइलचे अवशेष एसएसडीवर किंवा बाहेरच्या बॅकअप डिस्कवर राहिले, तरी ते उघडण्याचे साधन कोणाकडेच उरत नाही.

येथे एक बारकावा आहे. व्हेराक्रिप्टमध्ये पासवर्ड बदलल्याने आतली मूळ किल्ली बदलत नाही. फक्त ती किल्ली ज्यात बंद आहे तो शीर्षभाग नव्याने लिहिला जातो. जुन्या बॅकअपमधील प्रत जुन्याच पासवर्डने उघडते. म्हणून माहिती नष्ट करण्यासाठी पासवर्ड बदलणे हा उपाय नव्हे, आणि जो पासवर्ड कधी कोणाला फोनवर सांगितला गेला आहे तो असलेली फाइल बाद करून नवीच करावी.

फाइल उघडी असताना वर्ड, एक्सेल आणि पीडीएफ वाचणारे प्रोग्राम आपापल्या तात्पुरत्या प्रती विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवतात. संगणक हायबरनेट झाला तर मेमरीतील मजकूरही डिस्कवर उतरतो. या प्रती व्हेराक्रिप्टच्या बाहेर पडतात, म्हणून त्याच्याखाली बिटलॉकरचा थर आवश्यकच आहे. बिटलॉकरची रिकव्हरी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या कोणत्या खात्यात जतन झाली आहे हेही आजच तपासा. विंडोज चालू करून देणाऱ्याने घाईत स्वतःचे खाते वापरलेले असणे अशक्य नसते.

तबकडी

टकटक करणाऱ्या डिस्कविषयी सांगतो. तिचे वाचनशीर्ष (तबकडीवरची माहिती वाचणारा भाग) किंवा ते हलवणारी यंत्रणा बिघडली असावी. तबकड्यांवरील माहिती मात्र बहुधा जशीच्या तशी असते, आणि सुटे भाग बदलून ती वाचता येते. त्यामुळे ‘बंद पडली म्हणजे सुरक्षित’ असे समजून ती भंगारात टाकू नका. जी डिस्क लिहून पुसता येत नाही तिला मोडण्यावाचून मार्ग नाही, आणि लोहचुंबक फिरवण्याने काही होत नाही. आजच्या तबकड्यांना घरातले कोणतेही चुंबक पुरे पडत नाही.

वरच्या झाकणाचे स्क्रू बहुतेक वेळा सहा टोकांच्या टॉर्क्स प्रकारचे असतात आणि टी-८ मापाच्या पेचकसने निघतात. एखादा स्क्रू कागदी लेबलाखाली दडलेला असतो, तो बोटाने चाचपून शोधावा. आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या दिसतील. डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये त्या साधारणपणे ॲल्युमिनियमच्या असतात. त्या बाहेर काढून दोन्ही बाजूंनी खरवडा आणि पक्कडीने वाकवून टाका. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधील तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि फुटताना त्यांचे सुईसारखे तुकडे उडतात, म्हणून ती डिस्क जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा घालूनच फोडावी. हे काम मुलांच्या हाती देऊ नये.

उरलेले धातू आणि सर्किट बोर्ड महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्या. आणि पुसलेल्या असोत वा मोडलेल्या, प्रत्येक डिस्कचा उत्पादक, मॉडेल, अनुक्रमांक, वापरलेली पद्धत, तपासणी कोणी केली आणि दिनांक अशी नोंद एका कागदावर करून खाली सही करा. उद्या एखाद्या क्लायंटने ‘माझी कागदपत्रे कुठे गेली’ असे विचारले, तर दाखवायला तोच कागद लागेल. शाळेला संगणक देताना मुख्याध्यापकांच्या पोचपावतीवरही डिस्कचे अनुक्रमांक लिहून घ्या.